केसपेपर अडतो कुठं? सरकारी आणि खासगी दवाखान्यांमधली माहितीची वाट

झरी जामणी तालुक्यातल्या एखाद्या कोलाम पोडावरची, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरची, बाई. सातवा महिना लागलेला. तिची नोंद उपकेंद्रातल्या सिस्टरनं केली, रक्त-लघवी तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात झाली, सिकलची, म्हणजे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची, तपासणीही तिथंच झाली. सोनोग्राफी मात्र वणीला खासगीत. सरकारीतली तारीख नेमकी कापूस वेचणीच्या दिवसांत आली आणि मजुरी बुडवून पुन्हा पुन्हा चकरा मारायला घरचे तयार नव्हते. मध्ये दोनदा तिचे हातपाय, कंबर असह्य दुखली, तेव्हा बाजाराच्या गावातल्या डॉक्टरनं सलाईन लावलं, इंजेक्शनं दिली. मग एका रात्री कळा सुरू झाल्या आणि १०८ ची गाडी तिला घेऊन मोठ्या दवाखान्यात पोचली.

ड्यूटीवरचा डॉक्टर विचारतो, "आधीचे कागद?"

सासू प्लॅस्टिकची पिशवी पुढं करते. त्यात सोनोग्राफीचा कागद, औषधांची दोन बिलं, आधारची झेरॉक्स. माता व बाल संरक्षण कार्ड नाही. "ते आशाताईपाशीच राह्यलं, भरासाठी नेलं होतं तिनं." सिकलचं विचारलं तर, "रक्त पाह्यलं होतं जी, पण काही सांगतलं नाही."

ही बाई उदाहरणापुरती घेतली आहे. पिशवी खरी आहे. विदर्भातल्या कुठल्याही अपघात विभागाबाहेर दहा मिनिटं थांबा, अशा पाच पिशव्या दिसतील. या बाईची सिकलची स्थिती सिस्टरला माहीत आहे. गर्भाची वार कुठं आहे, ते सोनोग्राफीवाल्याला माहीत आहे. दोनदा दुखलं तेव्हा काय टोचलं, ते बाजारातल्या डॉक्टरला माहीत आहे. ज्याच्या हातात ती आत्ता आहे, त्याला यातलं निम्मंही माहीत नाही. ते दुखणं बाळंतपणाचं होतं की सिकलचा झटका होता, हे रात्री दोन वाजता त्यानं कसं ओळखायचं?

आरोग्य माहितीची देवाणघेवाण म्हणजे एवढंच: एका ठिकाणी कळलेली गोष्ट दुसऱ्या ठिकाणी वेळेत कळणं. ऐकायला सोपं आहे, पण सरकारी आणि खासगी यांच्यामध्ये ती का अडते, सरकारनं काढलेलं 'आभा' (आरोग्य नोंदींसाठीचा क्रमांक) त्यात काय करतं आणि काय करत नाही, हे समजून घ्यायला थोडं खोलात जावं लागतं.

माहिती आहे, पण सापडत नाही

शहरात बसून बोलणाऱ्यांना वाटतं की सरकारी दवाखान्यात जाणारे गरीब वेगळे आणि खासगीत जाणारे वेगळे. खेड्यात असं काही नसतं. तेच घर लसीकरणाला अंगणवाडीत जातं, तापाला खासगीत, बाळंतपणाला ग्रामीण रुग्णालयात, सोनोग्राफीला तालुक्याला आणि दम लागला की सेवाग्राम, सावंगी किंवा थेट नागपूरच्या 'मेडिकल'ला. ऑपरेशन निघालं तर महात्मा फुले योजनेतून एखाद्या खासगी हॉस्पिटलात. एका वर्षात एक माणूस पाच-सहा ठिकाणी नोंदला जातो आणि या नोंदी एकमेकींना ओळखत नाहीत.

आता सरकारकडं माहिती कमी आहे असं नाही. उलट भरपूर आहे. गरोदर माता आणि बाळांची नोंद आरसीएच पोर्टलवर. क्षयरोग निक्षयवर. बीपी-शुगर एनसीडी पोर्टलवर. साथीचे आजार आयएचआयपीवर. महिन्याचे आकडे एचएमआयएसवर. सिकलचं आणखी वेगळं. उपकेंद्रातली एकच सिस्टर हे सगळं भरते, बहुतेक वेळा आधी रजिस्टरमध्ये आणि मग मोबाईलवर. 'डिजिटल' झालं म्हणजे तिचं काम कमी झालं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा महिनाअखेरीला उपकेंद्रात जाऊन यावं.

पण खरी गोम वेगळीच आहे. आपल्या उदाहरणातल्या बाईची सिकल तपासणी कदाचित दोनदा झाली असेल. पहिल्यांदा ती आश्रमशाळेत असताना. तेव्हा तिचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव, पत्ता माहेरच्या तालुक्याचा. दुसऱ्यांदा लग्नानंतर, आता मधलं नाव नवऱ्याचं, आडनाव सासरचं, आणि काही घरांत तर पहिलं नावही बदललेलं. वय अंदाजे. इंग्रजी स्पेलिंग ज्यानं भरलं त्याच्या मनासारखं. त्यात पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत, म्हणजे नोंदणी सासरी, शेवटच्या तपासण्या माहेरी आणि बाळंतपण तिसऱ्याच ठिकाणी. संगणकाच्या लेखी या दोन वेगळ्या बायका आहेत. सरकारी नोंद सरकारलाच सापडत नाही, तिथं खासगी डॉक्टरला ती कुठून मिळणार?

खासगीत रोग उलटा आहे. लहान गावातला डॉक्टर चिठ्ठी लिहितो आणि रुग्णाच्या हातात देतो. त्याच्या स्वतःच्या वहीत बहुधा नाव आणि फी एवढंच राहतं. लॅबवाला रिपोर्ट छापून देतो. संगणक बिघडला की जुने रिपोर्ट गेले. भरती झालेल्या रुग्णाचे कागद मात्र ठेवावेच लागतात. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचरणाचे २००२ चे नियम सांगतात की आंतररुग्णाच्या नोंदी तीन वर्षं जपायच्या, आणि रुग्णानं किंवा त्याच्या अधिकृत माणसानं मागितल्या तर ७२ तासांच्या आत द्यायच्या. हा नियम गावात कोणाला माहीत नसतो. माहीत असलेले डॉक्टर तो आपणहून सांगायला जात नाहीत.

माहिती नसल्यानं होणारं नुकसान दर वेळी रात्री दोन वाजताच्या प्रसंगासारखं ठळक दिसत नाही. शुगरचंच घ्या. तालुक्यातला डॉक्टर तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी लिहून देतो. ही तपासणी लाल पेशींमधल्या हिमोग्लोबिनवर चालते. सिकलमध्ये हिमोग्लोबिनच वेगळं असतं आणि आजार असलेल्यांच्या लाल पेशी लवकर मरतात, म्हणून हा आकडा फसवू शकतो, आहे त्यापेक्षा कमी दाखवू शकतो. डॉक्टरला सिकलचं माहीत असेल तर तो साध्या साखरेच्या तपासण्यांवर भर देईल. माहीत नसेल तर 'कंट्रोलमध्ये आहे' म्हणून त्याच गोळ्या चालू ठेवील. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या पट्ट्यात सिकल किती घरांत आहे हे पाहिलं की ही बारीकसारीक गोष्ट वाटत नाही.

सिकलची तपासणी तर जोरात चालू आहे. १ जुलै २०२३ ला मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी करायची, २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून संपवायचा, असं उद्दिष्ट. तपासणीचा आकडा वर गेला. पण तपासणीचं उत्तर ज्या खासगी डॉक्टरच्या ओपीडीत उपयोगी पडायचं, त्याच्या टेबलापर्यंत ते जाण्याची सोय काय?

आभा म्हणजे काय, आणि काय नाही

सरकारचं उत्तर आहे आयुष्मान भारत डिजिटल मिशन. आधी सहा केंद्रशासित प्रदेशांत ते चालवून पाहिलं आणि २७ सप्टेंबर २०२१ ला देशभर सुरू केलं. त्यातला आपल्याला दिसणारा भाग म्हणजे आभा, चौदा आकडी क्रमांक.

सगळ्यात आधी एक घोळ मिटवू. आभा कार्ड आणि आयुष्मान कार्ड या वेगळ्या गोष्टी आहेत. आयुष्मान कार्डावर उपचाराचा खर्च मिळतो. आभावर एक रुपया मिळत नाही. गावात कॅम्प लागतो, दोन्ही कार्डं एकाच टेबलावर निघतात, लोक दोन्ही एकाच पाकिटात ठेवतात, आणि मग दवाखान्यात आभा दाखवून "यावर फ्री आहे ना?" असं विचारतात. त्यांची चूक नाही. नावंच अशी ठेवली आहेत.

दुसरा गैरसमज असा की आभा काढलं की आपले सगळे रिपोर्ट दिल्लीला कुठंतरी जमा होतात. तसं नाही. आभा हे शेताच्या गट नंबरासारखं आहे. गट नंबर म्हणजे शेत नव्हे. सातबारा तलाठ्याकडं, मोजणीचा नकाशा भूमी अभिलेखमध्ये, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडं, कर्जाचा बोजा बँकेत. कागद आपापल्या जागी राहतात. गट नंबरामुळं ते एकाच जमिनीचे आहेत हे कळतं. आभाचंही तसंच. सोनोग्राफीचा रिपोर्ट सोनोग्राफी केंद्राच्याच संगणकात राहतो, डिस्चार्ज कार्ड हॉस्पिटलच्याच संगणकात. फक्त दोन्ही नोंदींना तो एक क्रमांक जोडलेला असतो. माहेरचं नाव, सासरचं नाव, बदललेलं स्पेलिंग, सगळ्याला पुरून उरेल असा एक क्रमांक. मला यातली हीच गोष्ट सगळ्यात मोलाची वाटते, आणि जाहिरातीत तीच सगळ्यात कमी सांगितली जाते.

आता माहिती जाते कशी, ते पाहू. समजा वणीच्या केंद्रानं सोनोग्राफीचा रिपोर्ट त्या बाईच्या आभाला जोडला. पुढं चंद्रपूरच्या डॉक्टरला तो पाहायचा आहे. तो थेट वणीच्या संगणकात डोकावू शकत नाही. त्याला मधल्या यंत्रणेमार्फत मागणी करावी लागते: मला अमुक कारणासाठी, अमुक तारखांमधले, अमुक प्रकारचे कागद, अमुक दिवसांपुरते हवेत. ही मागणी बाईच्या मोबाईलवर येते. तिनं 'हो' म्हटलं तर वणीचा संगणक तो रिपोर्ट कुलूपबंद करून चंद्रपूरकडं पाठवतो. मधली यंत्रणा नुसती परवानगी तपासते, आतला मजकूर वाचत नाही. बाईला वाटलं तर ती फक्त सोनोग्राफी दाखवील, बाकी नाही. दिलेली परवानगी नंतर काढूनही घेता येते. आभा काढणं सक्तीचं नाही, आणि आभा नाही म्हणून कोणी उपचार नाकारू शकत नाही.

मांडणी चांगली आहे, यात वाद नाही. सगळ्यांची माहिती एका जागी साठवली असती तर एका चोरीत सगळं गेलं असतं.

पण या साखळीच्या पहिल्या कडीकडं पाहा: 'वणीच्या केंद्रानं रिपोर्ट आभाला जोडला.' का जोडेल तो? त्याला त्यासाठी तसलं सॉफ्टवेअर घ्यावं लागणार, दवाखान्याची नोंदणी करावी लागणार, काउंटरवर माणूस बसवावा लागणार. कोट्यवधी आभा निघाले, पण आभा निघणं आणि त्याला कागद जोडले जाणं यात मोठी दरी आहे. आपल्या फोनमधलं आभाचं ॲप उघडून पाहा. बऱ्याच जणांना आत एकही रिपोर्ट दिसणार नाही.

माहिती पैशाच्या वाटेनं जाते

सॉफ्टवेअर नाही, इंटरनेट नाही, माणसं नाहीत, ही कारणं खासगी हॉस्पिटलं देतात. लहान दवाखान्यांपुरती ती खरी आहेत. पण महात्मा फुले योजनेतल्या खासगी हॉस्पिटलांचं काय चालतं ते पाहू. तिथं भरती झालेल्या रुग्णाची परवानगीची मागणी, तपासण्या, फोटो, ऑपरेशनच्या नोंदी, डिस्चार्ज कार्ड, सगळं ऑनलाइन चढवलं जातं. त्यासाठी आरोग्यमित्र बसलेला असतो, हॉस्पिटलचा वेगळा माणूस असतो. एखादा कागद राहिला तर दाव्याचे पैसे अडकतात, म्हणून एकही कागद राहत नाही.

तोच रुग्ण घरी परत येतो, त्याच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जातो, आणि तिथल्या डॉक्टरला त्याच्या हृदयात स्टेंट बसवली आहे हे तो सांगेल तेव्हाच कळतं. "काय केलं तिथं?" "छातीत स्प्रिंग टाकली म्हणे." रक्त पातळ करायच्या गोळ्या किती दिवस चालू ठेवायच्या, त्या मधेच सोडल्या तर काय होतं, हे ज्या कागदावर आहे तो कागद योजनेच्या संगणकात व्यवस्थित आहे आणि वीस किलोमीटरवरच्या आरोग्य केंद्रात नाही.

म्हणजे हात आहेत, यंत्रं आहेत, सवयही आहे. माहिती जिथून पैसे येतात तिकडं जाते. सरकारलाही हे उमगलं असावं, कारण १ जानेवारी २०२३ पासून आभाला नोंदी जोडणाऱ्या हॉस्पिटलांना आणि लॅबना प्रोत्साहन रक्कम देणं सुरू झालं. ठरलेल्या किमान संख्येच्या वर गेलं की हॉस्पिटलाला प्रत्येक नोंदीमागं २० रुपये. ज्याच्याकडं दिवसाला शेकडो रुग्ण आणि संगणकावर बिलिंग आहे, त्याला हे परवडतं. बाजाराच्या गावातल्या एकट्या डॉक्टरला नाही. आणि खेड्यातल्या माणसाची पहिली भेट याच डॉक्टरशी होते.

क्षयरोगात जमलं ते कसं?

मग सरकारी-खासगी देवाणघेवाण कुठं जमलीच नाही का? एका ठिकाणी बऱ्यापैकी जमली आहे, आणि तिथं मुक्काम करण्यासारखं आहे.

पूर्वी क्षयाचा रुग्ण खासगीत गेला की सरकारच्या हिशेबातून नाहीसा व्हायचा. त्याला कोणती औषधं मिळाली, त्यानं ती पूर्ण घेतली का, घरातल्या लहान पोरांची तपासणी झाली का, काही पत्ता नसायचा. बरं वाटलं की दोन महिन्यांत गोळ्या सोडायच्या, आणि वर्षभरानं औषधांना दाद न देणारा क्षय घेऊन परत यायचं. आपल्याकडं फार घरांनी हे पाहिलं आहे.

७ मे २०१२ ला केंद्रानं क्षयरोग नोंदवणं बंधनकारक केलं. कोणत्याही डॉक्टरनं, सरकारी असो वा खासगी, क्षयाचं निदान केलं की कळवायचं. त्याच वर्षी निक्षय ही ऑनलाइन नोंदवही आली. नुसत्या आदेशानं फारसं काही हललं नाही, हे सांगायला नको. पुढं चारी बाजूंनी विणत नेलं. १ मार्च २०१४ पासून क्षयाची औषधं 'एच-१' यादीत आली. ती विकताना औषध दुकानदारानं रुग्णाचं आणि डॉक्टरचं नाव वेगळ्या वहीत लिहायचं. २०१८ च्या अधिसूचनेनं लॅब आणि औषध दुकानंही कळवण्याच्या कक्षेत आली, आणि न कळवणं फौजदारी कलमांत बसवलं.

हा झाला धाक. त्याच्या जोडीला देणंही आलं. रुग्ण कळवला की खासगी डॉक्टरला ५०० रुपये, उपचार पूर्ण झाल्याचं कळवलं की आणखी ५००. रुग्णाला एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजनेत महिना ५०० रुपये थेट खात्यात. नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० झाले. आणि खासगी डॉक्टरचा रुग्ण खासगीतच राहून सरकारची मोफत औषधं घेऊ शकतो, ज्या तपासणीला बाहेर हजारात पैसे पडतात ती क्षयाचे जंतू ओळखणारी सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी सरकारी केंद्रात फुकट करून घेऊ शकतो.

माझ्या मते यातलं शेवटचं कलम निर्णायक ठरलं. खासगी डॉक्टरला खरी भीती ५०० रुपयांची नसते, रुग्ण जाण्याची असते. 'नाव कळवलं की सरकारी माणूस येईल आणि माझा पेशंट घेऊन जाईल.' रुग्ण त्याचाच राहतो, वर फुकट तपासणी मिळते, औषध सोडलं तर घरी जाऊन विचारणारी आशाताई मिळते, हे दिसल्यावर कळवणं त्याच्याही सोयीचं झालं. एक निक्षय क्रमांक, तो रुग्ण पुसदहून पुण्याला ऊसतोडीला गेला तरी चालतो; तिथल्या केंद्रात क्रमांक सांगितला की पुढची औषधं मिळतात.

हे सिकलला लावून पाहा. खासगी डॉक्टरनं सिकलचा झटका ओळखून कळवला, तर त्याला काय परत मिळतं? त्याच्या रुग्णाला सिकलचे झटके कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध सरकारी केंद्रातून मिळेल, रक्त लागलं तर कुठं फोन करायचा हे कळेल, असा एक तरी परतीचा धागा हवा. नुसतं 'माहिती द्या' म्हणून परिपत्रक काढलं तर ते कपाटात जातं.

विचारून आणि न विचारता

इथं एक भेद ध्यानात घ्यायला हवा, कारण त्यावरून गावात बरेच वाद होतात. एक माहिती रुग्णाच्या उपचारासाठी जाते. ती त्याला विचारून जायला हवी. दुसरी माहिती सगळ्यांच्या जिवासाठी जाते. ती कायद्यानं जाते. क्षयाची नोंद करताना डॉक्टर तुमची परवानगी मागत नाही.

साथीचं पाहणारी यंत्रणा २००४ पासून आहे. २०२१ पासून ती आयएचआयपी या नव्या पोर्टलवर चालते. उपकेंद्रातून लक्षणं कळवायची, डॉक्टरांनी संशयित रुग्ण कळवायचे, लॅबनं पक्के झालेले रिपोर्ट कळवायचे. कागदावर खासगीही यात आहेत. व्यवहारात लहान खासगी दवाखान्यांतून फार थोडं येतं, आणि पहिले रुग्ण तर तिथंच जातात.

२०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत स्क्रब टायफसची साथ आली. गवताझुडपातल्या बारीक कोळीवर्गीय किड्याच्या अळ्या चावल्यानं होणारा हा ताप. वेळेत ओळखला तर डॉक्सीसायक्लिनसारख्या स्वस्त औषधानं बरा होतो. उशीर झाला तर किडनी, फुप्फुसं, मेंदू. अंगावर कुठंतरी, बहुतेक वेळा कपड्याखाली, काळी खपली असू शकते. एका डॉक्टरला महिन्यात असा एक रुग्ण दिसला तर तो त्याला टायफॉईड म्हणून सलाईन लावील. दहा डॉक्टरांचे दहा रुग्ण एका टेबलावर आले तर कोणीतरी म्हणेल, काहीतरी वेगळं चाललंय, कपडे काढून नीट पाहा.

त्याच्या आदल्या वर्षी, २०१७ मध्ये, यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो भरती झाले. असे रुग्णही आधी जवळच्या दवाखान्यात जातात, मग ग्रामीण रुग्णालय, मग यवतमाळ. चक्कर, उलट्या, डोळ्यांची आग. एकेकट्या ठिकाणी हा एक 'उन्हाचा त्रास' असू शकतो. शिवाय विषबाधेत कोणतं औषध, कशात मिसळून फवारलं, हे उपचार करणाऱ्याला कळणं जरुरीचं. सगळ्या कीटकनाशकांना एकच उतारा चालत नाही. पहिल्या डॉक्टरनं डब्याचं नाव चिठ्ठीवर लिहिलं, अ‍ॅट्रोपिन हा उतारा दिला असेल तर किती आणि किती वाजता दिलं ते लिहिलं, तर पुढच्याचा अर्धा तास वाचतो. याला पोर्टल लागत नाही, पेन लागतो.

फोन कोणाचा, परवानगी कोणाची?

आता संमतीकडं परत येऊ. परवानगी मोबाईलवर येते, ओटीपीनं पक्की होते. पण पोडावरच्या बाईचा मोबाईल कुठं आहे? आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा आहे, किंवा नागपूरला कामाला असलेल्या दिराचा, किंवा तीन वर्षांपूर्वी बंद पडलेल्या सिमचा. कॅम्पमध्ये आभा काढताना ऑपरेटर म्हणतो, "ओटीपी सांगा." दिराला फोन जातो, दीर आकडे सांगतो. झालं. कागदोपत्री संमती त्या बाईची. प्रत्यक्षात किल्ली दिराकडं.

शहरातल्या माणसाला ही किरकोळ अडचण वाटेल. पण सिकलचं वाहकपण, म्हणजे स्वतःला आजार नसून तो मुलांकडं जाऊ शकणं, ही सोयरिकीची गोष्ट आहे. 'पोरीले सिकल आहे' एवढं कानावर गेलं की स्थळं फिरतात, आणि बहुतेकदा पोरीचीच फिरतात, पोराचं कोणी विचारत नाही. आई-बाप दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता की बाळाला आजार होईल, म्हणून लग्नाआधी दोघांचं जुळवून पाहणं शहाणपणाचं. पण ते दोन घरांनी स्वतः बोलून ठरवायचं, कोणाच्या तरी फोनमध्ये दिसलं म्हणून नव्हे. एचआयव्हीबाबत तर कायदाच कडक आहे. २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे; त्या माणसाच्या लेखी संमतीशिवाय त्याची स्थिती उघड करता येत नाही, अपवाद मोजके. २०२३ चा वैयक्तिक डिजिटल माहिती संरक्षण कायदाही मुख्यतः संमतीवर उभा आहे.

मला वाटतं, खेड्यात आभा काढताना सिस्टरनं किंवा आशाताईनं एक प्रश्न विचारला पाहिजे: हा नंबर कोणाचा, आणि तुमचे रिपोर्ट त्याला दिसले तर चालतील का? उत्तर 'नाही' आलं तर घाई करू नये. नंबर आधी स्वतःचा करून घ्यावा, मग आभा.

तोवर काय करायचं

सगळे दवाखाने जोडले जाईपर्यंत पिशवी सुटणार नाही. मग निदान पिशवी नीट असावी. माता व बाल संरक्षण कार्ड भरण्यासाठी दिलं तर त्याच दिवशी परत घ्यावं. त्याआधी दोन्ही बाजूंचा फोटो घरातल्या कोणाच्या तरी, पण विश्वासातल्या माणसाच्या फोनमध्ये असावा. सिकल, रक्तगट, कोणत्या औषधाची ॲलर्जी, या तीन गोष्टी कार्डाच्या पहिल्याच पानावर ठळक लिहून घ्याव्यात. लॅबचा रिपोर्ट डॉक्टरनं पाहिला की तिथंच सोडून येऊ नये, तो आपला आहे. माहेरी जाताना सासरचं कार्ड न्यावं, नवं काढू नये. नवं काढलंच तर सिस्टरला जुना क्रमांक सांगावा. खासगीतून सुटी घेताना फक्त बिल घेऊन निघू नये. डिस्चार्ज कार्ड मागावं, नाही मिळालं तर साध्या कागदावर अर्ज लिहून द्यावा, त्याची पोच घ्यावी आणि ७२ तासांचा नियम सांगावा. भांडायची गरज नसते, नियम माहीत आहे एवढं कळलं तरी कागद निघतात.

एक काम डॉक्टरांकडून करून घ्यायचं. वरच्या दवाखान्याला लिहिलेली रेफरची चिठ्ठी सगळ्यांना माहीत आहे. परतीची चिठ्ठी जवळजवळ कोणी लिहीत नाही. डिस्चार्ज कार्डावर 'सल्ला' म्हणून एक ओळ असते, तिथं बहुधा 'सात दिवसांनी ओपीडी' एवढंच असतं. चंद्रपूर किंवा नागपूरची ओपीडी, जिथं तो माणूस सात दिवसांनी जाणार नाही हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. त्या ओळीत गावच्या आरोग्य केंद्रासाठी चार गोष्टी लिहून मागाव्यात: काय झालं होतं, रक्त चढवलं का, कोणती गोळी किती दिवस, आणि काय दिसलं तर लगेच परत पाठवायचं. आणि घरी पोचल्यावर तो कागद आठवड्याच्या आत उपकेंद्रात सिस्टरला दाखवून तिच्या रजिस्टरमध्ये उतरवून घ्यावा, कारण पुढच्या वेळी दार वाजणार आहे ते तिचंच.